कॉर्लेटांचा कुलवृत्तांत

शैलेंद्र खांबेटे यांनी सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि त्यासाठी सिंगापूरच्या एका बँकेने त्यांना पगार, मेडिकल आणि दर चिनी नववर्षाला संत्र्यांची एक पेटी दिली. बँकेत आलेले अर्ज आणि कागदपत्रं तपासायची, हे त्यांचं काम. एखादा रकाना रिकामा दिसला की ते तिथे लाल खूण करायचे. हातात फाईल घेऊन ते एखाद्या टेबलापाशी उभे राहिले, की एसीने आधीच गारठलेली माणसं आणखी गारठायची. त्यांची स्वतःची चूक मात्र सव्वीस वर्षांत कोणाला सापडली नव्हती. एक तर ती फारशी होत नसे, आणि दुसरं म्हणजे त्यांच्यानंतर तपासणारं कोणी नव्हतं.

मग बँकेने त्यांचा अख्खा विभाग उचलून दुसऱ्या देशात नेला आणि जाताना खांबेट्यांना इथेच ठेवून गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, मरीन परेडच्या एका काँडोत, अकराव्या मजल्यावर, सकाळी नऊ वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून नुसतेच बसू लागले. बायको नीता तोवर आंग मो किओतल्या तिच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत पोचलेली असे. मुलगी आर्या युनिव्हर्सिटीत. उरलं घर. तेव्हा खांबेट्यांनी घर तपासायला घेतलं. मसाल्याच्या डब्यांवर तारखा पडल्या. फ्रिजच्या दारावर आतल्या वस्तूंची यादी लागली, आणि यादीखाली सहीसाठी जागा.

तिसऱ्या आठवड्यात नीताने हिंगाची डबी शोधायला ती यादी वाचली, आणि वाचून झाल्यावर यादीसकट नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"शैलेंद्र, हे घर आहे, शाखा नाही. उद्यापासून तू काहीतरी दुसरं तपास. खाली समुद्र आहे. तो तपास."

समुद्र वाचला, कारण त्याच आठवड्यात पुण्याहून श्रीनिवासकाकांचा फोन आला. श्रीनिवासकाका म्हणजे खांबेटे कुलवृत्तांताचे संपादक. कोकणातल्या कुठल्याशा मूळपुरुषापासून परवा बारशाला नाव ठेवलेल्या बाळापर्यंत जगातल्या यच्चयावत खांबेट्यांची नोंद असलेला हा ग्रंथ. तो प्रत्येक खांबेट्याच्या घरात असतो आणि प्रत्येक खांबेटे त्यात फक्त स्वतःचं पान बघतो. दुसरी आवृत्ती निघणार होती. काकांनी शैलेंद्रला 'आग्नेय आशिया प्रतिनिधी' नेमलं. संपूर्ण आग्नेय आशियात अकरा खांबेटे निघाले, त्यातले तीन प्रतिनिधींच्याच घरातले. काम चार दिवसांत संपलं. पण हात तापला होता. आता खांबेट्यांना कुठलंही घराणं चाललं असतं.

आणि घराणं शेजारीच राहत होतं.

शेजारच्या फ्लॅटमध्ये आल्फ्रेड कॉर्लेट राहायचे. वय त्र्याऐंशी. जन्माने लिव्हरपूलचे, धंद्याने जहाजावरचे इंजिनियर. साठच्या दशकाच्या शेवटी एका बोटीबरोबर सिंगापूर बंदरात आले, बोट दुरुस्तीला तीन आठवडे लागले, तेवढ्यात त्यांची टान बी लियान नावाच्या शाळामास्तरणीशी गाठ पडली, आणि बोट एका इंजिनियरला सोडून पुढे गेली. त्यांना मूलबाळ झालं नाही. पाच वर्षांपूर्वी बी लियान गेल्या. तेव्हापासून कॉर्लेट रोज सकाळी हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत एका टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून ते अडवायचे, दोन कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, आणायचे, आणि दुसरी कोपी पिणारं कोणी भेटतं का ते बघत बसायचे. गेलं वर्षभर ती दुसरी कोपी खांबेटे पीत होते.

"आजी म्हणायची," कॉर्लेट एकदा म्हणाले, "आपण लिव्हरपूलचे नाही रे, आपण बेटावरचे. बास. त्यापुढे कोणाला काही ठाऊक नाही. बाप गोदीत, आजोबा गोदीत. आमच्या घरात कोणी कोणाला काही सांगितलंच नाही. आणि आता माझ्यानंतर ऐकायलाही कोणी नाही, पोरा."

अठ्ठावन्न वर्षांच्या खांबेट्यांना 'पोरा' म्हणणारा हा जगातला शेवटचा माणूस होता. खांबेटे विरघळले.

"अंकल," ते म्हणाले, "ते माझ्यावर सोडा."

बेट म्हणजे आइल ऑफ मॅन. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात बसलेलं, स्वतःची भाषा आणि बिनशेपटीची मांजरं बाळगून असलेलं. तिथल्या लोकांना मँक्स म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी हेरिंग मासळी भागेना आणि शेत पुरेना, तेव्हा हे मँक्स लोक आगबोटीत बसून समोरच्या लिव्हरपूल बंदरात पोट भरायला गेले. खांबेट्यांनी हे वाचलं आणि त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं. त्यांचे स्वतःचे पणजोबाही असेच बोटीत बसून, उलट्या करत, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर उतरले होते. म्हणजे मँक्स हे कोकणस्थच, फक्त मासे खाणारे, असा निष्कर्ष काढून त्यांनी कुलवृत्तांताचा फॉर्म घेतला, 'खांबेटे' खोडून तिथे 'कॉर्लेट' लिहिलं, आणि कामाला लागले.

"बाबा, यू सो केपो, लाह," आर्या म्हणाली. केपो म्हणजे नसत्या ठिकाणी नाक खुपसणारा. "ही इज नॉट इव्हन अवर रिलेटिव्ह."

"म्हणूनच काम निःपक्षपाती होईल," खांबेटे म्हणाले.

दोन महिन्यांत पहिला मोठा मासा गळाला लागला. कॉर्लेटांच्या आजोबांच्या जन्मदाखल्यावर त्या आजोबांच्या वडिलांचं नाव होतं: विल्यम कर्मोड कॉर्लेट, जहाजावरचे सुतार.

आता हे नाव कुठल्याही मराठी माणसापुढे ठेवा. शैलेंद्र गजानन खांबेटे हे जर गजाननरावांचे चिरंजीव, तर विल्यम कर्मोड कॉर्लेट हे कोणाचे? कर्मोडरावांचे! ज्याला हे कळत नाही त्याने फॉर्म भरू नये. मधल्या नावात माणसाचा बाप असतो, ही गोष्ट खांबेट्यांना सूर्य पूर्वेला उगवतो याइतकी पक्की ठाऊक होती, आणि सूर्याचा दाखला कोणी मागवत नाही. विल्यमच्या लग्नाचा दाखला मागवता आला असता. पण बापाचं नाव धडधडीत समोर असताना ते सिद्ध करायला आणखी एक कागद मागवणं हा वेळेचा अपव्यय ठरला असता. बँकेत कोणी असं केलं असतं तर खांबेट्यांनी त्याला उभा जाळला असता.

त्यांनी बेटावरच्या जुन्या वर्तमानपत्रांत 'कर्मोड कॉर्लेट' शोधला. आणि दुर्दैव असं की तो सापडला.

नुसता सापडला नाही, वाजतगाजत सापडला. बेटावरच्या पील गावातला कॅप्टन कर्मोड कॉर्लेट, हेरिंग पकडणाऱ्या बोटीचा मालक. ऑक्टोबरच्या एका वादळात त्याने आपली बोट बाहेर काढली आणि बुडणाऱ्या दुसऱ्या बोटीवरचे सात जण जिवंत परत आणले. वय जुळत होतं, गाव जुळत होतं. वर्तमानपत्राने दोन रकाने भरून त्याचं कौतुक केलं होतं. त्याला पील गावात पुरलं होतं, पण थडग्यावर दगड नव्हता, नुसता नंबर.

ते कात्रण खांबेट्यांनी कॉर्लेटना त्यांच्या दारातच दिलं. कॉर्लेटनी ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं. मग आत गेले. पंधरा मिनिटांनी दाढी करून, टाय लावून बाहेर आले, आणि चौथ्यांदा वाचलं.

त्यानंतर काँडोच्या वॉचमनपासून स्विमिंग पूल साफ करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळलं, की कॉर्लेट अंकलचे खापरपणजोबा कॅप्टन होते. कोपीवाल्या बाई म्हणाल्या, "कॅप्टन आ? देन टुडे यू सिट स्ट्रेट, लाह!" आणि कॉर्लेट खरोखरच ताठ बसले. पाच वर्षं वाकलेला माणूस ताठ झाला, हे खांबेट्यांनी स्वतः पाहिलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यामुळे कोणी ताठ झाल्याची आठवण नव्हती.

मग कॉर्लेटनी ठरवलं: कॅप्टनला दगड बसवायचा. पीलच्या एका पाथरवटाला काळ्या पाटीच्या दगडाचं काम दिलं. मजकूर ठरला. खाली ओळ: 'पणतूचा मुलगा आल्फ्रेड, सिंगापूर.' डॉक्टरांशी तीन वेळा भांडून प्रवासाची परवानगी मिळवली. पुढच्या महिन्यात जायचं, दगड उभा झालेला बघायचा. "हा शेवटचा प्रवास," ते म्हणाले, "नंतर मग बी लियानच्या अस्थींशेजारच्या कोनाड्यात." पाथरवट सोमवारी नाव कोरायला घेणार होता.

आणि शुक्रवारी दुपारी खांबेट्यांना ईमेल आली.

ती आली ती त्यांच्याच व्यवस्थितपणामुळे. फॉर्ममध्ये विल्यमच्या जन्मतारखेचा रकाना रिकामा राहिला होता, आणि रिकामा रकाना खांबेट्यांना सोसत नाही. म्हणून कधीतरी त्यांनी बेटावर चर्चच्या नोंदी बघणाऱ्या एका बाईंना विचारून ठेवलं होतं. बाईंनी तारीख तर पाठवलीच, वर सगळी नोंद उतरवून पाठवली. विल्यम: वडील टॉमस कॉर्लेट, मजूर. आई ॲन, माहेरची कर्मोड.

'आमच्या बेटावर मुलाच्या नावात मध्ये आईच्या माहेरचं आडनाव घालायची पद्धत होती,' बाईंनी लिहिलं होतं, 'हे आपल्यासारख्या जाणकाराला सांगायला नकोच. तुम्ही विचारता तो कॅप्टन वेगळ्या घरातला. त्याला मूल नव्हतं.'

'आपल्यासारख्या जाणकाराला' हे शब्द खांबेट्यांनी सात वेळा वाचले. मग त्यांनी एसी वाढवला. मग बंद केला. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि हळदीच्या डब्यावरची तारीख तपासली.

त्या क्षणापासून अकरावा मजला त्यांना पिंजरा झाला. दोन फ्लॅटना मिळून एक लिफ्ट. लिफ्टमध्ये कॉर्लेट असण्याची शक्यता कधीही पन्नास टक्के. खांबेटे जिन्याने उतरले. सिंगापूरच्या उकाड्यात अकरा मजले उतरलेला माणूस खाली पोचेपर्यंत धुतल्यासारखा होतो. तसे ते तळाचं दार उघडून बाहेर आले, तर समोर कॉर्लेट.

"जिन्याने?" कॉर्लेट खूष झाले. "शाब्बास! बेटावरच्या प्रवासाची तयारी मी करायला हवी, आणि करतोयस तू!"

संध्याकाळी नीताला सगळं सांगितलं. ती शांतपणे भेंडी चिरत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे मधल्या नावात आई होती."

"हो."

"आणि तुला ती बाप वाटली."

"तिथल्या पद्धती वेगळ्या असतात, नीता!"

"मग शेजारी जा आणि सांग. दहा पावलं आहेत. मोजून ठेवली असशीलच तू."

"तो माणूस आता ताठ बसतो गं."

नीताची सुरी थांबली. "दगडावर खोटं नाव बसल्यावर कळलं, तर कसा बसेल?" ती म्हणाली, आणि पुन्हा भेंडीकडे वळली.

खांबेट्यांनी पुण्याला फोन लावला. श्रीनिवासकाकांना, नावं न घेता, विचारलं की समजा एखादी शाखा चुकीच्या पुरुषाला जोडली गेली, तर संपादकाने काय करावं.

"शुद्धिपत्र लावावं," काका तत्काळ म्हणाले. "पहिल्या आवृत्तीत आपण गुहागरची अख्खी शाखा निपुत्रिक माणसाला जोडली होती. शुद्धिपत्र लावलं. एकानेही वाचलं नाही. ज्याचं त्याचं समाधान झालं."

दगडाला शुद्धिपत्र कुठे चिकटवायचं, हे काकांना विचारण्यात अर्थ नव्हता.

शनिवार तर आणखी वाईट उगवला. मराठी मंडळींच्या मासिक कार्यक्रमात खांबेट्यांचं भाषण दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. विषय 'कुलसंशोधन: एक शास्त्र', आणि खास पाहुणे श्री. कॉर्लेट. पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते, खांबेट्यांनीच दिलेला कुर्ता घालून. ते सहा फुटी, त्यामुळे खांबेट्यांचा कुर्ता त्यांच्या अंगावर शर्टासारखा दिसत होता. खांबेटे बोलायला उभे राहिले तेव्हा ती ईमेल छापून त्यांच्या खिशात होती. कार्यक्रमाआधी सांगू, असं ठरलं होतं. पण कार्यक्रमाआधी कॉर्लेटना बटाटेवडा मिळाला, आणि वडा खाणाऱ्या माणसाला असं काही सांगता येत नाही.

भाषण झालं. वादळ आलं, बोट निघाली, सात जण वाचले. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या विनीताताईंनी हसत विचारलं, "पण खांबेटे, इतक्या जुन्या कागदांत कधी चूक होत नाही का हो?"

खांबेट्यांचा हात खिशाकडे गेला. समोर दोनशे माणसं, आणि पहिल्या रांगेत तो आखूड कुर्ता.

"पद्धत पक्की असली की," त्यांच्या तोंडून आलं, "नाही होत."

कॉर्लेट उठून उभे राहिले, सगळ्यांकडे वळले आणि कमरेत वाकून नमस्कार केला. टाळ्या दुप्पट झाल्या. खाली बसल्यावर खांबेट्यांच्या लक्षात आलं, की शुक्रवारपर्यंत त्यांच्या हातून चूक झाली होती. आत्ता जे झालं त्याला वेगळं नाव आहे.

परतताना टॅक्सीत कॉर्लेट म्हणाले, "उद्या तुला उबीनला नेतो. बी लियानला मी लग्नाचं तिथेच विचारलं होतं. इतकं केलंस माझ्यासाठी, तुला ती जागा बघायलाच हवी. नाही म्हणू नकोस."

नाही म्हणायची ताकद खांबेट्यांत उरली नव्हती.

पुलाउ उबीन हे बेट चांगीच्या धक्क्यापासून दहा मिनिटांवर. लाकडी बोट जाते, पण बारा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. रविवारी दुपारी दोघं धक्क्यावर पोचले, तेव्हा सायकली घेतलेले सहा जण बसले होते. हे दोघं धरून आठ. खांबेट्यांनी मनाशी ठरवलं, नऊ झाले की सांगायचं. एकदम तीन जणांचं कुटुंब आलं. अकरा.

"वन मोर, देन गो," बोटवाला म्हणाला, आणि विडी ओढायला गेला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. कोणी येईना. कॉर्लेट बाकावर ताठ बसून समुद्र बघत होते. बारावा माणूस येईपर्यंत आता इथून हलता येत नव्हतं. आणि बारावा आला की इंजिनाच्या धडधडीत काही बोलता येणार नव्हतं. उद्या सोमवार.

"अंकल," खांबेटे म्हणाले, "कॅप्टन तुमचा नाही."

कॉर्लेटनी मान वळवली.

खांबेट्यांनी खिशातून कागद काढला आणि सगळं सांगितलं. मधलं नाव, बाप, आई, आपल्याकडची पद्धत, त्यांच्याकडची पद्धत, न मागवलेला दाखला. काही म्हणजे काही वगळलं नाही. शेजारचं कुटुंब चिप्स खायचं थांबून ऐकत होतं. कॉर्लेटनी चष्मा लावून ईमेल वाचली. मग कागदाच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं.

"शुक्रवार," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे काल तुला ठाऊक होतं. तिथे उभा राहून बोलत होतास तेव्हा."

"हो, अंकल."

"मी उठून वाकलो. तू मला वाकू दिलंस."

तेवढ्यात एक घामाघूम माणूस सायकल ढकलत धक्क्यावर आला, बोटवाला ओरडला, "ट्वेल्व्ह! कम, कम!" आणि सगळ्यांबरोबर हे दोघंही बोटीत ढकलले गेले. समोरासमोरच्या फळ्यांवर, गुडघ्याला गुडघा लागेल असे ते दोघं दहा मिनिटं बसून होते. कॉर्लेट सबंध वेळ खांबेट्यांच्या डोक्यावरून पाण्याकडे बघत होते. त्या बोटीतून उडी मारता येते का याचा खांबेट्यांनी विचार केला. लाइफ जॅकेट कुठे आहेत तेही पाहून ठेवलं, सवयीने.

उबीनला उतरून कॉर्लेट काठी टेकत चालू लागले. खांबेटे चार पावलं मागे. पत्र्याच्या छपरांची, खांबांवर उभी असलेली जुनी घरं मागे पडली. एका दुकानासमोरच्या बाकावर कॉर्लेट बसले आणि दोन शहाळी मागवली. दोन मागवली, हे पाहून खांबेट्यांच्या जिवात थोडा जीव आला.



"चूक झाली त्याचं काही नाही," कॉर्लेट म्हणाले. "एकदा मी उलटा बसवलेला व्हॉल्व्ह घेऊन कोलंबोपर्यंत गेलो होतो. पण काल जे केलंस ते वाईट होतं, पोरा."

"वाईटच होतं."

"आणि मीही काही धड वागलो नाही." त्यांनी शहाळं खाली ठेवलं. "तू तो मोठा तक्ता करून आणलास ना, घराण्याचा? त्यात माझ्या नावाशेजारी काय लिहिलंयस?"

"पत्नी, बी लियान कॉर्लेट."

"तिला जन्मात या नावाने कोणी हाक मारली नाही. ती टान बी लियान जन्मली आणि टान बी लियान म्हणूनच गेली. इथल्या बायका लग्नात आडनाव टाकून येत नाहीत. कोनाड्याच्या पाटीवरही टानच आहे, मीच लावली ती. तुझा तक्ता बघितल्या क्षणी मला दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू मला कॅप्टन दिला होतास ना रे. तक्ता खोडायला घेतला तर तोही निघून जाईल, असं वाटलं. म्हणून बायकोचं नाव चुकीचं पडू दिलं आणि गप्प बसलो. याच बाकावर विचारलं होतं मी तिला."

खांबेट्यांनी बाकाकडे पाहिलं आणि नकळत थोडे सरकून बसले.

"त्या बाईचं नाव पुन्हा सांग," कॉर्लेट म्हणाले.

"ॲन कर्मोड."

"काय माहीत आहे तिच्याबद्दल?"

खांबेटे अडखळले. माहीत बरंच होतं. लिव्हरपूलच्या जनगणनेच्या कागदात सहा महिन्यांपूर्वीच दिसलं होतं, पण तेव्हा ते कर्मोडरावांच्या मागे होते. "नवरा तरुणपणीच गेला असावा. लिव्हरपूलला गोदीमागच्या गल्लीत ती घरप्रमुख म्हणून लिहिली आहे. विधवा. धंदा, मासेमारीची जाळी विणणे. विल्यम आणि दोन मुली. शिवाय चार भाडेकरू, सगळे बेटावरचेच."

"म्हणजे आम्हाला लिव्हरपूलला आणलं तिने."

"हो. असंच दिसतं."

"आणि तू तिला कुठे लिहिलंस?"

"कुठेच नाही," खांबेटे म्हणाले. "फॉर्ममध्ये रकाना नव्हता."

कॉर्लेटनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की खांबेट्यांना आपण बँकेत कितीजणांकडे असं पाहिलं असेल याचा अंदाज आला.

"पुरलं कुठे तिला?"

"शोधलं नाही."

"आधी तो दगड थांबव," कॉर्लेट म्हणाले.

पीलमध्ये सकाळचे साडेनऊ वाजले असणार. खांबेट्यांनी फोन काढला, तर त्यावर मलेशियात स्वागत असा निरोप झळकत होता. उबीनवर फोनला पलीकडच्या किनाऱ्याची हवा लागते. ते हात वर करून दुकानाभोवती फिरले, कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेले, पुन्हा रस्त्यावर आले. अखेर एका फणसाच्या झाडाखाली सिंगापूर सापडलं. पाथरवट न्याहारी करत होता आणि रविवारी फोन आल्याचं त्याला बिलकूल आवडलं नव्हतं. खांबेट्यांनी सांगितलं, थांबा, नाव बदलायचंय.

"नाव उद्या घेणार होतो," तो म्हणाला. "वरची ओळ काल कोरून झाली. 'यांच्या स्मरणार्थ.' ती आता पुसता येत नाही हो."

खांबेट्यांनी फोनवर हात ठेवून ते कॉर्लेटना सांगितलं.

"पुसायची कशाला?" कॉर्लेट म्हणाले. "बरोबर आहे ती. त्याला सांग, खालची जागा सोड. नाव नंतर पाठवतो."

"आणि कॅप्टन? त्याला तर कोणीच नाही, अंकल. मूलही नव्हतं."

"मलाही नाही," कॉर्लेट म्हणाले. "त्याने सात जण वाचवले, त्यांच्या वंशातलं कोणीतरी बसवेल दगड. आपण आपलं बघू." काठी टेकून ते उभे राहिले. पूर्वीइतके ताठ नव्हते, पण उभे होते. "तिकीट माझं पुढच्या महिन्याचंच राहील. फक्त बेटाऐवजी आधी लिव्हरपूल. तिथे कबरस्तानं पुष्कळ, आणि मला फार चालवत नाही. तेव्हा तू येतोयस."

"मी?"

"आणि त्याआधी पुढच्या कार्यक्रमात त्याच दोनशे लोकांसमोर उभा राहून सगळं सांगायचंस. मी पहिल्या रांगेत असेन. कुर्ता मात्र माझ्या मापाचा बघ."

खांबेट्यांनी फणसाखालूनच नीताला फोन लावला. सांगितलं अंकलना, असं म्हणाले. चिडले, पण शहाळं पाजलं, असंही म्हणाले. मग घसा साफ करून लिव्हरपूलचं सांगितलं.

"किती दिवस?" नीताने विचारलं.

"ती बाई सापडेपर्यंत."

 रेंज गेली असावी म्हणून खांबेटे झाडाभोवती अर्धी फेरी मारून आले.

"सापडेल ना?" नीता म्हणाली.

"माहीत नाही," खांबेटे म्हणाले.